वाट्याला आलेलं आणि हातून घडलेलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इडिपस बापाचा जीव घेईल आणि आईशी लग्न करेल, हे अपोलो देवानं डेल्फीच्या देवळात सांगून टाकलं होतं. ते टळावं म्हणून त्यानं कॉरिंथ सोडलं, आणि ज्या वाटेनं पळाला त्याच वाटेवर ते घडलं. मग त्याचा दोष काय? दोष नसेल तर डोळे कशाला फोडून घ्यायचे? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सगळं ठरलेलंच आहे, तर ही भूमिका करताना मी दोन तास नेमकं काय करू?'

मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सापडलं की आधीच्या दोन प्रश्नांचं रूपच बदलतं.

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं हे 'राजा इडिपस' नाटक मी दोनदा बसवलं आहे आणि पंचवीसेक वर्षं नाट्यशिबिरांतून शिकवते आहे. पहिल्यांदा बसवलं तेव्हा माझीही समजूत तुमच्यासारखीच होती. विंगेतून भाकिताचा ध्वनिमुद्रित आवाज, सगळीकडे मंद प्रकाश, आणि इडिपस झालेला मुलगा पहिल्या प्रवेशापासून शिकार झाल्यासारखा. तो नट चांगला होता. पण हा माणूस फक्त कोसळणार आहे, हे प्रेक्षकांना दुसऱ्याच प्रवेशात कळलं आणि तिथून पुढे ते त्याची कीव करत बसले. पुढे काय होतंय म्हणून कुणी खुर्चीत सरसावून बसलं नाही. दुसऱ्यांदा बसवायच्या आधी मी शब्दकोश घेऊन मूळ ग्रीक संहिता ओळ न् ओळ वाचली. त्यात दोन वर्षं गेली. तेव्हा जे दिसलं ते आधीच दिसायला हवं होतं, इतकं ते उघड्यावर होतं.

नाटक सुरू होतं तेव्हा भाकीत पुरं झालेलं असतं.

बाप लायस कधीच मारला गेलाय. आई योकास्टाशी लग्न होऊन चार मुलं झाली आहेत, त्यातली दोन मोठी आहेत. अपोलोनं जे म्हणून सांगितलं होतं, त्यातलं एक अक्षरही आता घडायचं बाकी नाही. मूळ नाटक १५३० ओळींचं आहे, आणि त्या ओळींत एका दिवसात एकच गोष्ट घडते: थीब्ज शहरावर साथ आली आहे, तिथला राजा झालेला एक माणूस लायसच्या खुन्याची चौकशी करतो आणि ती तडीला नेतो. डेल्फीच्या भाकितात 'तुला हे कळेल' असं कुठेही नाही. बापाला मारशील, आईशी संग करशील, लोकांना बघवणार नाही अशी संतती त्यांच्यापुढे आणशील, इतकंच. कळून घेणं हे सगळं इडिपसचं आहे.

त्याला थांबवणारी माणसं किती आहेत तेही बघा. आंधळा भविष्यवेत्ता तिरेसियस आल्या आल्या म्हणतो, मला घरी जाऊ द्या, तुमचं तुम्ही सोसा, माझं मी सोसतो, त्यातच दोघांचं बरं आहे. योकास्टाला कॉरिंथच्या निरोप्याच्या तोंडून सगळं उमजतं तेव्हा ती देवाची आण घालते, जिवाची पर्वा असेल तर हे शोधू नकोस म्हणून विनवते. जाता जाता म्हणते, तू कोण आहेस हे तुला कधीच न कळो. शेवटी तो म्हातारा मेंढपाळ, ज्यानं तान्ह्या इडिपसला वाचवलं होतं. तो तर तोंडच उघडायला तयार नाही, त्याचे हात पाठीमागे पिरगळावे लागतात. म्हणजे तिघांनी तीन दरवाजे उघडून दिलेत आणि तिन्ही दरवाजे इडिपस स्वतः लावून घेतो. नियती यातला एकही दरवाजा लावत नाही.

त्या मेंढपाळाच्या प्रवेशाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या भूमिकेची किल्ली मला तिथे सापडली. मेंढपाळ म्हणतो, 'जे बोलू नये त्याच्या तोंडाशी येऊन ठेपलोय.' इडिपस म्हणतो, 'आणि मी, जे ऐकू नये त्याच्या. तरीही ऐकायलाच हवं.' मुळात शेवटचा शब्द एकच आहे, 'आकुस्तेओन'. संस्कृतातल्या 'श्रोतव्य'सारखं रूप. त्यात 'मला' नाही, 'तू सांग' नाही, धमकी नाही. ऐकायला हवं, बस्स.

माझा नट ही ओळ ओरडून म्हणायचा. तीन-चार तालमी मी त्याला फक्त 'हळू' सांगत राहिले आणि काही साधलं नाही. मग एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, आज तुला मुभा आहे. या ओळीपाशी आलास की वाटलं तर म्हण, 'जा बाबा, घरी जा.' तू तसं म्हणालास तर आपण तालीम तिथेच संपवू, सगळे चहा घेऊ. हे मी खरंच सांगत होते आणि ते त्याला कळलं. मेंढपाळाचं काम करणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांचा त्रास, तरी जमिनीवर बसलेले. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं आणि वर बघितलं. आमचा इडिपस काही बोलेचना. हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला. त्याची नजर एकदा दाराकडे गेली, मग काकांच्या हातांकडे. आणि अगदी साध्या आवाजात, किराणा दुकानात हिशोब विचारावा तशा आवाजात तो म्हणाला, 'तरीही ऐकायलाच हवं.' काकांनी मान खाली घातली. ते मी बसवलेलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या नाटकात नियतीचा ध्वनिमुद्रित आवाज राहिला नाही, मी तो काढून टाकला.

तर 'दोन तास काय करू' याचं उत्तर हे. दर प्रवेशात तुम्हाला थांबता येणार आहे, हे खरं माना. आणि थांबू नका.

आता नियती. आपण मराठी माणसं 'नियती' म्हटलं की कपाळ बघतो. पाचवीच्या रात्री सटवाई येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ती बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि ते पुसता येत नाही. या समजुतीसकट आपण ग्रीक नाटक वाचायला घेतो. ग्रीक शब्द मात्र वेगळा आहे. तो आहे 'मोइरा', आणि त्याचा मूळ अर्थ वाटा. होमरच्या काव्यात पंगतीत मांसाचे जे वाटे घालतात त्यांनाही हाच शब्द येतो. तीन मोइरा देवींपैकी एक सूत कातणारी, दुसरीचं नावच लाखेसिस, म्हणजे वाटा नेमून देणारी, आणि तिसरी आत्रोपोस, जिला मागे फिरवता येत नाही ती. कवी हेसिअड एकाच काव्यात एकदा त्यांना रात्रीच्या मुली म्हणतो आणि पुढे देवांचा राजा झ्यूस नि न्यायदेवता थेमिसच्या. आंधळा अंधार की न्यायाची वाटणी, याचा निवाडा ग्रीकांनी स्वतःच लावलेला नव्हता असं मला यावरून वाटतं.

म्हणून मी शिबिरात 'ललाटलेख', 'विधिलिखित' हे शब्द बाजूला ठेवायला सांगते. आपल्या रोजच्या बोलण्यात याहून नेमका शब्द आहे. 'तिच्या वाट्याला हे आलं,' असं आपण म्हणतोच की. वडिलांच्या जमिनीतला वाटा जसा येतो तसा. कातळ येईल, नाहीतर पाणथळ येईल. तो तुम्ही निवडलेला नसतो आणि नाकारूनही तुमचाच राहतो. पण तिथे काय पेरायचं, की कुंपण घालून नुसतं सोडून द्यायचं, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. 'मोइरा' ऐकताना ग्रीक प्रेक्षकाच्या मनात लेखणीपेक्षा वाटणी जास्त असणार.

सटवाईचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती या नाटकाची सख्खी बहीण आहे आणि ती आपल्याकडची आहे. इरावती कर्वे यांनी ही लोककथा १९५० साली इंग्रजीत नोंदवून ठेवली. सटवाईला एक मुलगी असते. आई रोज रात्री कुठे जाते, काय लिहिते, असं विचारता विचारता ती विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? सटवाई सांगते, तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. मुलगी ठरवते, पुरुषाचं तोंडच बघायचं नाही, आणि रानात जाऊन राहते. एक राजा शिकारीला येतो, तळ्यावर चूळ भरतो. ते पाणी नकळत तिच्या पोटात जातं आणि तिला दिवस राहतात. मुलगा झाल्यावर ती त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. तो एका माळ्याला सापडतो, माळी-माळीण त्याला वाढवतात. पुढे त्याचं आणि तिचं लग्न होतं. एके दिवशी घरात तिला तो लुगड्याचा तुकडा सापडतो, सासूला विचारल्यावर उलगडा होतो. आणि मग? ती गप्प राहते. आपल्या लिहिलेल्याला आपण चुकवू शकलो नाही हे मनाशी धरून ती तसाच संसार करत राहते, आणि गोष्ट सुखाने संपते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ मला दुसरं काही सुचेना. वाटा तोच, टाळायची धडपड तीच, फेकलेलं मूल, परक्याच्या घरचं वाढणं, ओळख पटवणारी खूण, सगळं तेच. आणि शेवट पूर्ण उलटा. योकास्टा थीब्जच्या राजवाड्यासमोर जे विनवत होती, शोधू नकोस, जमेल तसं जगावं, ते सटवाईच्या मुलीनं करून दाखवलं. तिच्या कपाळावर लग्न लिहिलं होतं. कळल्यावर काय करशील, ही जागा कोरी होती. तिथे तिनं गप्प राहणं लिहिलं आणि इडिपसनं ऐकायला हवं हे लिहिलं. दोघांपैकी कुणाचं बरोबर, हे मी कधी ठरवलेलं नाही. तिच्या गप्प राहण्यातही मोठं बळ आहे. एवढंच म्हणते, की दोघांच्या वाट्याला एकच गोष्ट आली असताना शेवट दोन झाले, तर शेवट वाट्यातून आलेला नाही.

ही कोरी जागा खुद्द ग्रीकांनाही दिसली होती. होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस पाताळात इडिपसच्या आईला बघतो. तिथे तिचं नाव एपिकास्टे आहे. तिनं नकळत मुलाशी लग्न केलं, देवांनी ते उघड केलं, तिनं गळफास घेतला, आणि इडिपस दुःख भोगत थीब्जमध्ये राज्य करतच राहिला. डोळ्यांचं अक्षर नाही. 'इलियड'मध्ये तर त्याच्या मरणानंतर थीब्जला झालेल्या खेळांचा उल्लेख येतो, राजाला साजेसे. म्हणजे जुन्या कथेत गुन्हा होता, पण ते सोन्याच्या टाचण्यांनी डोळे फोडून घेणं तिथे नव्हतं.

सोफोक्लीसच्या आधीचा नाटककार एस्किलस, त्यानं इ.स.पू. ४६७ मध्ये याच घराण्यावर नाटकं केली. त्यातलं 'थीब्जविरुद्ध सात' तेवढं आपल्यापर्यंत पोचलं. त्यात अपोलो लायसला तीनदा बजावतो: निपुत्रिक मर, म्हणजे शहर वाचेल. लायसनं ऐकलं नाही, स्वतःच्या अविचारापुढे हरला, आणि फेड नातवंडांपर्यंत गेली. हे रूप आपल्याला लवकर पटतं, कारण त्यात करणी आणि भरणी आहे. सोफोक्लीसला हे रूप माहीत होतं आणि त्यानं त्यातली अट काढून टाकली. त्याच्या नाटकात योकास्टा सांगते, की मुलाच्या हातून मरण येणार असं भाकीत होतं. 'असं केलंस तर' हा भागच नाही. बापाचा दोष दाखवायची तयार सोय होती, ती त्यानं वापरली नाही. लोक म्हणतात यानं नाटक जास्त दैववादी झालं. मला उलट वाटतं. बापाच्या पापाची शिक्षा म्हटलं की इडिपस काय करतो याला अर्थच उरत नाही, तो नुसता वसुलीचा धनी होतो. अट काढल्यावर 'का' हा प्रश्न देवाकडे राहिला आणि रंगमंच इडिपसला मोकळा मिळाला.

आता तुमचा पहिला प्रश्न, दोष. अॅरिस्टॉटलनं 'हामार्तिया' हा शब्द वापरला आणि शाळा-कॉलेजांतून तो 'स्वभावदोष' म्हणून शिकवला जातो. तिथून गर्व, संताप वगैरे यादी सुरू होते. मूळ क्रियापद नेमबाजीचं आहे: बाण निशाण्यावर न लागणं. चुकणं, पाप करणं नव्हे. आणि निशाणा कुठे चुकला ते नाटकात स्पष्ट आहे. कॉरिंथला मेजवानीत एक दारू प्यायलेला माणूस इडिपसला म्हणाला, तू राजाचा खरा मुलगाच नाहीस. तो सल मनात घेऊन इडिपस डेल्फीला गेला, माझे आईबाप कोण हे विचारायला. अपोलोनं त्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही, भलतंच सांगितलं. ते इतकं भयंकर होतं, की इडिपस आपला प्रश्न विसरला. आपल्याला वाढवणारे कॉरिंथचे राजा-राणी पॉलिबस आणि मेरोपे हेच आईबाप हे धरून चालला आणि ताऱ्यांवरून अंदाज घेत कॉरिंथपासून दूर दूर निघाला. आयुष्यभर कोडी सोडवणाऱ्या माणसाच्या हातून एक प्रश्न अर्ध्यावरच निसटला. त्याच्या नावातही हे आहे. 'ओइदिपुस' म्हणजे सुजलेल्या पायाचा, पण 'ओइदा' म्हणजे मला माहीत आहे, आणि सोफोक्लीस त्याच्याच तोंडी 'काहीही माहीत नसलेला इडिपस' असे शब्द देतो. पु. ल. देशपांडे यांनी मराठी रूपांतराला 'राजा ओयदिपौस' नाव दिलं. त्या नावात तो ग्रीक नाद तरी शिल्लक राहतो. 'इडिपस'मध्ये तो बुजतो.

काही जण म्हणतात, असं भाकीत ऐकल्यावर त्यानं वयानं मोठ्या माणसावर हातच उचलायला नको होता. हे कागदावर सुचतं. तिठ्यावर उभं राहून बघा. फोकिस प्रांतात डेल्फीकडून आणि डाउलिसकडून येणारे रस्ते जिथे मिळतात ती जागा. तो एकटा, पायी. समोरून गाडी, पाच माणसं. त्याला जोर करून रस्त्यावरून ढकलतात, तो गाडीवानाला मारतो, आणि गाडीतला म्हातारा टपून बसून, तो बाजूने जाताना दोन टोकांची पराणी त्याच्या डोक्यात घालतो. मग काठीचा एक फटका, म्हातारा गाडीतून खाली. 'सगळ्यांना मारलं,' असं तो स्वतः सांगतो. यात राग आहे, मी तो लपवत नाही, तुम्हीही लपवू नका. पण बापाला मारायचा हेतू नाही. पुढे म्हातारपणी, 'कोलोनसला इडिपस' या नाटकात, तो योकास्टाच्या भावाला, क्रेऑनला, थेट विचारतो: आत्ता इथे कुणी तुझ्या जिवावर उठलं, तर तू आधी विचारशील का, की बाबा तू माझा बाप आहेस का? की उलट वार करशील?

हा प्रश्न अथेन्सच्या प्रेक्षकांना नवा नव्हता. त्यांच्याकडे हेतू बघून खुनाचे खटले वेगवेगळ्या ठिकाणी चालत. जाणूनबुजून केलेल्याचा अरेओपागसवर, नकळत झालेल्याचा पॅलेडिऑनला, आणि केलं पण ते कायद्यानं रास्त होतं असं म्हणणाऱ्याचा डेल्फिनिऑनला. ड्राको या कायदेकाराचा खुनाबद्दलचा तो जुना कायदा इ.स.पू. ४०९-०८ मध्ये पुन्हा दगडावर कोरून लावला, तेव्हा सोफोक्लीस हयात होता. हेतू आणि कृती यांतला फरक ग्रीकांना कळत नव्हता, हे मनातून काढून टाका. कोलोनसला तो म्हातारा इडिपस म्हणतोच, कायद्यापुढे मी शुद्ध आहे, नकळत यात आलो.

मग थीब्जला साथ कशी आली? इथे दुसरा शब्द येतो, 'मिआस्मा'. गुन्हा वेगळा आणि मिआस्मा वेगळा. आपल्याकडे याच्या जवळचं एकच उदाहरण मला देता येतं, सुतक. सुतक लागतं तेव्हा घरच्यांनी काही केलेलं नसतं, तरी ते लागतं, आणि पाळावं लागतं. ग्रीकांच्या समजुतीत रक्त सांडलं की ते लागतं, सांडणाऱ्याला, आणि तो जिथे राहतो त्या गावालाही. इ.स.पू. ४३० पासून अथेन्समध्ये साथीनं माणसं पटापट मरत होती आणि हे नाटक त्याच्या आसपासचं मानलं जातं. पहिल्या प्रवेशात याचक फांद्या घेऊन पायरीवर बसलेले असतात, तेव्हा समोरच्या बाकांवर घरातलं माणूस गमावलेले लोक असणार. इडिपस गुन्हेगार नाही आणि शहराच्या दुखण्याचं मूळ मात्र आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं सहन करणं, ही या नाटकाची अवघड जागा आहे. आपण त्यातली एक खरी धरून दुसरी सोडून द्यायला बघतो.

दैव दैव म्हणताना ते चालतं कशावर, हेही एकदा बघा. लायसनं पोराचे घोटे टोचून त्याला कितेरॉनच्या डोंगरावर टाकायला दिलं. ज्याच्या हाती दिलं तो हाच मेंढपाळ. टाकला नाहीस का, का दिलास दुसऱ्याला, असं इडिपस विचारतो. त्यावर त्याचं उत्तर सुरू होतं ते 'कीव आली, मालक' या शब्दांनी. कॉरिंथचा गुराखी लांब घेऊन जाईल, पोर जगेल, म्हणून दिलं. सगळ्या साखळीत भाकितापुढे जिंकायची खरी संधी होती ती या क्षणी, आणि ती घालवली एका गरीब गड्याच्या दयेनं. त्यानं दया करायला नको होती, असं कुणाच्यानं म्हणवेल? हाच माणूस पुढे तिठ्यावरून जिवंत सुटला, लुटारू अनेक होते असं खोटं सांगितलं, आणि नवा राजा बघितल्यावर राणीचा हात धरून विनवलं की मला शहर दिसणार नाही इतक्या लांब रानात पाठवा. इतकी वर्षं तो एकटा ते ओझं वाहत होता. नाटकात त्याला जेमतेम एकच प्रवेश आहे. तुमच्या संचात ही भूमिका नवख्याला देऊ नका.

आता डोळे. इथे मला दोन ओळी शेजारी ठेवून दाखवू द्या, कारण या दोन ओळींनी माझं मत कायमचं बदललं. सगळं उघड झाल्यावर कोरस, म्हणजे थीब्जच्या नागरिकांचा गाणारा समूह, गातो: सर्व बघणाऱ्या काळानं तुला गाठलं, तुझी इच्छा नसताना. शब्द आहे 'आकोन', इच्छेविरुद्ध. मग सतरा-अठरा ओळींनी आतून सेवक येतो आणि सांगतो, या घरातून आता जे बाहेर येईल ते 'हेकोन', स्वेच्छेनं केलेलं, 'आकोन' नाही. आणि पुढे: सगळ्यात जास्त ती दुःखं सलतात, जी आपण स्वतः निवडलेली दिसतात. सोफोक्लीसनं हे दोन शब्द चुकून इतके जवळ ठेवलेले नाहीत. बाप आणि आई, हे वाट्याला आलेलं. डोळे त्यानं आपल्या हातानं घेतले.

मान्य, तिरेसियस आधी म्हणून गेलेला असतो, की डोळस आलास तो आंधळा होऊन जाशील, काठी चाचपत परक्या मुलखात जाशील. म्हणजे हेही ठरलेलंच, असं तुम्ही म्हणाल. मी असं वाचते: पोटच्या पोराचा स्वभाव पुरता ओळखणारी आई सांगते, की हा ऐकल्यावर घर सोडून जाईल, आणि तो जातो. आईला आधी कळलं म्हणून जाणं आईनं केलं असं होत नाही. कोरस इडिपसला नेमकं हेच विचारतो, कोणत्या देवानं तुला हे करायला लावलं? त्याचं उत्तर नाटकातलं सगळ्यात नेमकं वाक्य आहे. 'अपोलो, मित्रांनो, अपोलोनं माझी ही दुःखं पुरी केली. पण वार करणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच.' अर्धं वाक्य देवाचं, अर्धं त्याचं. तो देवाला सोडत नाही आणि स्वतःलाही सोडत नाही.

का फोडले, याचंही कारण तो देतो, आणि ते शिक्षेचं नाही. पाताळात गेल्यावर बापाकडे आणि त्या दुर्दैवी आईकडे कोणत्या डोळ्यांनी बघू, असं तो म्हणतो. कानांचे झरे बुजवता आले असते तर तेही बुजवले असते, म्हणतो. शिक्षा व्हायची तर कायद्यानं झाली असती, आणि कायद्याचा निकाल आपण बघितला. हे नातं आहे. ज्यांच्याशी नकळत वाईट वागलो त्यांच्यापुढे उभं राहायची लाज आहे. दोष नसतानाही ती वाटते. ज्यांच्या गाडीखाली, त्यांची काही चूक नसताना, लहान मूल आलंय अशा माणसांना विचारा. चूक नाही हे त्यांना पंचनाम्यानं सांगितलेलं असतं, आणि तरी ती माणसं त्या रस्त्यानं पुन्हा जात नाहीत.

तालमीसाठी शेवटचं. डोळे गेल्यावरच्या प्रवेशात बहुतेक नट 'अपोलो' म्हणताना हात वर करतात. मीही पहिल्या वेळी करायला लावला होता. करू नका. आधी कोरस तुमच्याकडे बघू शकत नाही, तोंड फिरवतो. मग तुम्हाला आवाजावरून कळतं, की माणसं अजून इथेच आहेत, आंधळ्याची काळजी करताहेत. त्या आवाजाच्या दिशेनं तोंड ठेवूनच 'अपोलो' म्हणा, गावातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. दोन्ही हात खाली असू देत. मग 'माझाच' म्हणायच्या आधी उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावरून एकदा फिरवा. आमच्या नटाच्या तळव्याला रंग चिकटलेला असायचा, तो बोटांना लागायचा, आणि पहिल्या रांगेला ते दिसायचं.